सुनेच्या वतीनं

मंगळवारी सकाळी यमुताई नागपूरच्या महाल भागातल्या त्या अरुंद गल्लीत शिरल्या की पोरं ‘नर्सबाई आली, सुई आणली’ म्हणत धूम ठोकत. सुई बहुतेक वेळा नसेच. पांढरं लुगडं, हातात काळी पेटी, पायांत पुरुषी वहाणा आणि डोक्यावर छत्री असा बाईंचा थाट. गोष्ट एकोणीसशे पस्तीस-छत्तीस सालची आहे. बाळंतिणी आणि तान्ही मुलं हकनाक मरू नयेत म्हणून नागपुरात तेव्हा काही भल्या लोकांनी वर्गणी काढून एक केंद्र चालवलं होतं, आणि घरोघर जाऊन शिकवायला यमुताईंना नेमलं होतं. ऐन सोळाव्या वर्षी त्यांचं कुंकू पुसलं गेलं. भावानं जातीतल्या चार शहाण्यांचं न ऐकता त्यांना नर्सिंगला घातलं. आता चाळिशीकडे झुकलेल्या या बाईनं महालातल्या कितीतरी पोरांना पहिली आंघोळ घातली होती.

शिकताना त्यांना एक गोष्ट पक्की पढवलेली होती. घरात शिरलं की आधी सासूशी बोलायचं. सासू जिंकली की घर जिंकलं. सुनेशी परभारे बोलाल तर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाही. यमुताईंना हे अनुभवानंही पटलं होतं. परक्या माणसासमोर सुनेच्या वतीनं सासूनंच बोलायचं ही आपल्या घरांची रीतच आहे ना! भूक सुनेला लागते आणि सांगते सासू. दुखतं सुनेचं आणि कुठं दुखतं ते दाखवते सासू. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली, की तिच्यात काही वावगं आहे असं यमुताईंसारख्या चौकस बाईच्याही मनात कधी आलं नाही.

त्या गल्लीत भांड्यांचे व्यापारी चंपतराव यांचं घर म्हणजे यमुताईंचा अभिमान होता. त्यांच्या बायकोचं, रुखमाबाईंचं, अंगण आरशासारखं. पाण्याच्या घागरींवर झाकणं, मोरीत फिनेल, चुलीजवळ एक माशी दिसेल तर शपथ. म्हणून गल्लीतल्या बायांचा वर्ग यमुताई याच अंगणात भरवत. बाळाची नाळ कापायला उकळलेली कात्री का हवी, गरोदर बाईच्या हातापायाला सूज आली तर लगेच का कळवायचं, हे सगळं त्या इथं शिकवत. रुखमाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण एकदा ऐकलेलं त्या कधी विसरत नसत. यमुताईंचं एखादं वाक्य राहिलं तर त्याच पुढचं वाक्य सांगत. यमुताई कौतुकानं म्हणत, “रुखमाबाई, तुम्हालाच नर्स करायला हवं होतं.”

अशाच एका मंगळवारी यमुताई सुनेची चौकशी करायला आल्या होत्या. सून देवकी, कुही गावाकडच्या कवडू नावाच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याची लेक, पहिलटकरीण, सहावा महिना. ती चौकटीला टेकून डोईवरचा पदर सावरत उभी होती. यमुताई सतरंजीवर बसल्या होत्या आणि समोर रुखमाबाई.

“दूध देता ना हिला?”

“हाव तं. सकाळी एक गिलास, सांजच्याले एक गिलास. पालकाची भाजी देऊन राहिली. भरलेला हंडा उचलू देत नाही. दुपारी घडीभर आडवी पाडते.”

“देवकी, खाल्लेलं पचतं ना ग?”

“तिले काय विचारता बाई, लाजते ती. पचते सगळं,” रुखमाबाईंनी उत्तर दिलं.

यमुताईंनी देवकीची खालची पापणी ओढून पाहिली. रंग फिका होता. उठता उठता त्या म्हणाल्या, “रक्त कमी वाटतं हो. दूध अजून एक पेला वाढवा. कसर करू नका.” बाहेरच्या खोलीत देवकीचा नवरा रुपराव दुकानात जायला टोपी घालत होता. त्यानं हे ऐकलं आणि तो अदबीनं हसला. “जसं तुम्ही म्हनता तसं, बाई. घरात दुधाले काय तोटा आहे?” किती समजूतदार मुलगा, असं म्हणत यमुताई समाधानानं पायऱ्या उतरल्या.

सातव्यात देवकीची ओटी भरायची ठरली. विधवेला अशा कार्याला कोण बोलावतं? पण रुखमाबाईंनी आग्रह केला आणि यमुताई आल्या. आपली पायरी ओळखून माजघरात, बायकांच्या नजरेआड बसल्या. बाहेर पाटावर देवकी बसली होती. हिरव्या बांगड्या भरायला कासारीण आली. डाव्या हातात बांगड्या सरसर चढल्या. उजव्या हाताला तिनं तेल लावलं, पंजा दाबला, पुन्हा दाबला, पण बांगडी काही केल्या पुढं सरकेना. देवकीनं ओठ दाताखाली धरला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

शेजारची प्रेमलता वर्गात सगळ्यांत पुढे बसणारी. ती म्हणाली, “अवं, हिच्या हाताले तं सूज आहे. नर्सबाईनं सांगतलं नव्हतं काय, पोटुशीले सूज आली का लगेच सांगजा म्हून?”

“काही नाही वं,” रुखमाबाई घाईघाईनं म्हणाल्या. “काल मसाला वाटता वाटता वरवंटा निसटला हातावर.”

पण धडा एकट्या रुखमाबाईंनीच थोडा पाठ केला होता? चार-पाच जणींनी एकदम यमुताईंना हाका मारल्या. एक म्हातारी पुटपुटली, ओटीच्या पाटाला विधवेचा हात नको. प्रेमलतेनं तिला तिथंच गप्प केलं, “सूज पाह्यले काय मुहूर्त लागते, आजी?”

यमुताईंनी आधी पाय दाबून पाहिले. मग डावा हात. दोन्हीकडे सूज नव्हती. गरोदरपणातली सूज एकच मनगट निवडून येत नाही, आणि तिच्यावर बोट दाबलं की खळगा पडतो. हे मनगट गरम होतं, टणक होतं, आणि चोळीची बाही जरा वर सरकल्यावर दंडावर बोटांचे जुने, पिवळे पडलेले वळ दिसले. वरवंट्याला बोटं नसतात. पण एवढ्या बायांत यमुताई काय बोलणार? त्यांनी मोठ्यानं एवढंच सांगितलं, “लघवी तपासावी लागेल. उद्या केंद्रात घेऊन या.”

केंद्राचा नियम असा की पडद्याआड फक्त रोगी जाईल. रुखमाबाईंना बाहेरच्या बाकावर बसावं लागलं आणि देवकी, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच, सासूशिवाय कुणा परक्या बाईसमोर उभी राहिली. यमुताईंनी तिचं मनगट पट्टीनं बांधलं. विचारावं कसं हे त्यांना सुचत नव्हतं. देवकीच बोलली.

“बाई, एक सांगू? तुम्ही आमच्या घरी नोका येत जाऊ.”

“काहून वं?” यमुताई पटकन तिच्याच बोलीत म्हणाल्या.

“तुम्ही म्हनता, दूध वाढवा. त्याहिले, माह्या घरधन्याले, वाटते मीच तुमच्याजवळ रडली. ‘आम्ही तुले उपाशी मारतो काय? बाहेरच्या बाईजवळ घराचं गाऱ्हानं करते?’ असं म्हनते आन् मारते. भाजी सांगतली तवा बी मारलं. हंडा उचलू देऊ नका म्हनलं तवा बी मारलं. तुम्ही पायऱ्या उतरल्या का माह्या अंगाले कापरं सुटते.”

“आणि दूध? दूध मिळतं की नाही?”

“मिळते ना. सासूबाई देते. पन मार खाल्ल्यावर दूध पोटात राहत नाही, बाई.”

इतक्या मंगळवारी आपण हिच्या घरातून किती खुशीत परतलो, हे यमुताईंना आठवलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. आपण सांगितलेली प्रत्येक हिताची गोष्ट या पोरीच्या पाठीवर उतरत होती, आणि ती पाठ कधी उघडून पाहायचं आपल्याला सुचलं नाही. कारण विचारलं ते सासूला, आणि उत्तरही घेतलं ते सासूचं.

त्याच दुपारी त्या केंद्राच्या चिटणिसांकडे गेल्या. शरच्चंद्र वकील हे सुधारकी विचारांचे गृहस्थ, मन लावून काम करणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत राहिले. “यमुताई, आपण दुधाचं आणि स्वच्छतेचं बोलतो म्हणून लोक दार उघडतात. नवरा-बायकोच्या मधे पडलो तर महालात एकही घर आपल्याला उभं करणार नाही. मग गंजक्या विळ्यानं नाळ कापली जाईल, आणि पोरं धनुर्वातानं जातील. त्याचा जबाब कोण देणार?” हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते यमुताईंना जास्त लागलं. आपल्याकडे वाईट माणसांपेक्षा भल्या माणसांच्या अशा हिशेबी शहाणपणानं जास्त बळी घेतलेत, असं मला वाटतं. पण ते असो.

मग यमुताईंनी मधला मार्ग काढला. सुजेवर रोज नजर ठेवावी लागेल असं सांगून देवकीला त्या दुपारी केंद्रात बोलावू लागल्या. दूध तिथंच पाजत, डोक्याला तेल लावत, दोन तास खाटेवर झोपवत. घरी गेल्या तर खाण्याचं नावसुद्धा काढत नसत. उलट रुपरावासमोर देवकीची तोंड भरून स्तुती करत. पोरीच्या पापणीला रंग आला. रुखमाबाई तिला सोडायला-न्यायला येत, बाकावर बसून वाती वळत. त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, देव जाणे. यमुताईंना वाटू लागलं, एवढे दोन महिने असे काढले की तरून जाऊ.

घात केला तो एका गिऱ्हाइकानं. त्या बापड्याच्या मनात काही नव्हतं, थट्टेनंच दुकानात बोलून गेला, “काय गा रुपराव, घरवाली रोज केंद्रात जाऊन दूध पिते म्हन्ते. दुकान बसलं का काय तुह्यं?” रुपराव त्याच्यासमोर हसला. देवकी केंद्रात निघायच्या आधीच तो जेवायला घरी आला.

तिसऱ्या प्रहरी केंद्राच्या दारात टांगा उभा राहिला. टांग्याच्या फळीवरून रक्त ठिबकत होतं. रुखमाबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर धरलं होतं. “न्हाणीत पाय घसरून पडली,” त्या टांगेवाल्याला, मग दारावरच्या बाईला आणि मग केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना सांगत राहिल्या. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगत राहिल्या.

मुलगा झाला, मेलेला. देवकीला डॉक्टरीणबाईंनी मोठ्या शर्थीनं वाचवलं. यमुताईंनी ते बाळ स्वच्छ धुतलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि ओसरीत बसलेल्या रुखमाबाईंच्या समोर नेऊन धरलं. त्यांना राग आवरत नव्हता. या म्हातारीला चांगलं फैलावर घ्यावं असं त्यांच्या मनात होतं.

रुखमाबाईंनी नातवाचं तोंड पाहिलं. नाकीडोळी चांगला होता. त्यांनी विचारलं, “पडल्यानं मरते काय हो, बाई, पोटातलं लेकरू?”

हा प्रश्न वर्गातल्या रुखमाबाईंचा होता. यमुताईंनी वर्गात सांगतात तसंच सांगितलं. “वार असते ना, ती आतून पिशवीला चिकटलेली असते. तिच्यातूनच लेकराला रक्त मिळतं. पोटावर लाथ बसली, जोराचा धक्का बसला, की ती सुटते. मग लेकरू आतल्या आत गुदमरतं आणि बाईला असं रक्त जातं.”

“आधी लेकरू फिरत असते, आन् मंग एकदम थांबते?”

“हो.”

“पोट दगडासारखं कडक होते?”

“हो. तुम्हाला कसं ठाऊक?”

“माह्ये दोन गेले असे,” रुखमाबाई म्हणाल्या. “रुपरावाच्या आधी. सासू म्हने, नजर लागली. मी नवस केले, मंगळवार धरले, ज्या बाईची नजर लागली म्हनत तिच्याशी मरेपर्यंत बोलली नाही. आन् ते असं होतं काय?”

यमुताईंचा राग कुठल्या कुठं गेला. तीस वर्षं या बाईनं आपल्या लेकरांच्या खुन्याला, चंपतरावांना, रोज वाढून दिलं होतं आणि देवाची क्षमा मागितली होती. त्यांनी बाळ रुखमाबाईंच्या ओटीत ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.

थोड्या वेळानं रुपराव आला. डोळे लाल होते. रडलाही असेल, माणूस होता तो. पण डॉक्टरीणबाई कागद घेऊन समोर आल्या, काय झालं म्हणून विचारू लागल्या, तसा तो सावध झाला. “न्हाणीत पडली. मी घरी नोहतो. माय होती. माय, सांग बाईले.”

सगळ्यांच्या नजरा रुखमाबाईंकडे वळल्या. सुनेच्या वतीनं बोलायची त्यांना जन्माची सवय होती.

“न्हाणी कोरडी होती,” रुखमाबाई म्हणाल्या. “पडली नाही ती. तू मारलं तिले. पोटात लात घातली. मी चुलीपाशी उभी होती आन् म्या पाह्यलं.”

“माय, भान आहे काय तुले?”

“लिहा, बाई. मले सही येत नाही, अंगठा देते.”

रुपराव देवकीच्या खोलीकडे वळून म्हणाला, “तिले घरी घेऊन जातो मी.” यमुताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी आत पाहिलं आणि रुखमाबाईंना नाही, कुणालाच नाही, थेट देवकीला विचारलं, “तुला कुठं जायचं आहे? तू सांग.” आतून आवाज यायला वेळ लागला. पण आला. “मले कुहीले बाच्या घरी जायचं आहे. यांच्यासंगं नाही.”

निरोप गेल्यावर देवकीचा बाप कवडू आला. दारात उभा राहून उपरण्यानं तोंड पुसू लागला. लोक काय म्हणतील, लग्न झालेली पोट्टी घरी कशी ठेवू, हे सगळं तो बोलून गेला. यमुताई त्याला आत घेऊन गेल्या आणि त्यांनी लेकीची पाठ त्याला दाखवली. देवकी बरी झाली तेव्हा बैलबंडीत जाड गवत अंथरून तो तिला घेऊन गेला. पोलिसांत कागद गेला, चार फेऱ्या झाल्या, कुणीतरी कुणाला तरी भेटलं आणि तो कागद कुठल्याशा कपाटात पडला. रुपरावाला शिक्षा झाली असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

पण त्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलं. अंगठा देऊन झाला, बाळाला माती दिली, आणि मग रुखमाबाईंनी डोईवर पदर घेतला. त्यांना घरीच जायचं होतं. दुसरीकडे कुठं जाणार? माहेर केव्हाच उठलेलं. ओट्यावर चंपतराव बसलेले असणार, आणि ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असणार. रुपराव पुढं झपझप निघून गेला. रुखमाबाई मागून सावकाश चालू लागल्या.

यमुताईंनी त्यांना फाटकापर्यंत जाऊ दिलं. शरच्चंद्र वकिलांचं सगळं बोलणं त्यांच्या कानात होतं: उद्या दारं बंद होतील. होतीलच. झालीही पुढं, महिनाभर त्या गल्लीत कुणी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि अंगणातला वर्ग उठला तो उठलाच. तरी त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि मागून जाऊन रुखमाबाईंना गाठलं.

“तुम्ही कायले येता, बाई?”

“तुमच्या घरी बसायला येते. आणि उद्या सकाळी तुम्हाला न्यायला येईन. केंद्रात बायांना शिकवायला मला कुणीतरी हवंय.”

दोघी गल्लीत शिरल्या तेव्हा दोन्हीकडच्या ओट्यांवर बाया उभ्या होत्या. चंपतराव ओट्यावर उभे होते, हातात काठी होती. यमुताई त्यांच्यासमोरून रुखमाबाईंचा हात धरून आत गेल्या आणि दार उघडं ठेवून, साऱ्या गल्लीला दिसेल अशा, सतरंजीवर बसल्या. चंपतराव गल्लीकडे पाहत राहिले. काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. त्या दिवशी त्या घरात कुणी हात उचलला नाही. उद्याचं कुणाला ठाऊक?

प्रेमलतेच्या आणि त्या घराच्या मधली भिंत एका विटेची आहे. पलीकडं भांडं पडलं तरी अलीकडं ऐकू येतं. देवकीच्या लग्नाला तोवर दोन वर्षं होत आली होती. वाचकहो, तुमच्या आणि शेजारच्या घरामधली भिंत किती विटांची आहे?